दोस्तीवर गोष्ट लिहू नका, टँकरच्या रांगेवर लिहा

परभणीकडच्या जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या सरांनी विचारलंय, थोडक्यात असं की मला तिसरी-चौथीच्या लेकरांसाठी चित्रांचं पुस्तक करायचंय, दोन दोस्त, एक हिंदू एक मुसलमान, नाहीतर मग एक भारतातला आणि एक पाकिस्तानातला, पण लिहायला बसलो की भाषणच होतंय, आणि मुख्याध्यापक म्हणायलेत कशाला विकतचं श्राद्ध घेता. तर लिहायचं कसं आणि वर्गात वाचायचं कसं.

सर, तुमचा प्रश्न लिहिण्याचा दिसतोय पण अडचण त्याच्या आधीच झालीय. "एक हिंदू, एक मुसलमान" हे पहिल्यांदा ठरलं आणि लेकरं मागून आली, त्यामुळं त्या लेकरांना पुस्तकात करायला काही कामच उरलं नाही. मग ती काय करणार, एकमेकांच्या घरी जाऊन खाणार. दिवाळीला त्यानं करंजी खाल्ली, ईदला ह्यानं शीरखुर्मा पिला, शेवटच्या पानावर गळ्यात गळे. मी मराठवाड्यात चित्रपुस्तकांचं संपादन करते आणि शाळांमधून वाचनाचे तास घेते, दोन्ही बऱ्याच वर्षांपासून, आणि असली हस्तलिखितं माझ्याकडं येतच असतात, नावं झाकली तर कुठलं कुणाचं ते ओळखू येत नाही. आपली लेकरं रोज सकाळी प्रतिज्ञेत म्हणतातच की सारे भारतीय माझे बांधव आहेत, तेच पुन्हा रंगीत चित्रांत सांगून त्यांच्या पदरात नवीन काय पडलं?

काही गोष्टी मात्र तुमच्या गावावर आहेत, त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. वर्गात दोन्हीकडची लेकरं आहेत का, की मुसलमान लेकरं सगळी उर्दू माध्यमाला जातात? आपल्याकडं कितीतरी ठिकाणी असंच आहे, मराठी शाळा इकडं, उर्दू शाळा तिकडं, कुठं कुठं एकाच आवारात दोन्ही आणि मधल्या सुट्टीशिवाय एकमेकांची गाठ नाही. गेल्या वर्षभरात गावात मिरवणुकीवरनं, डीजेवरनं, कुणाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरनं काही झालंय का? आणि मुसलमान घरं किती, दोन का दोनशे? दोनच असली तर तुमच्या पुस्तकातली मुलगी म्हणजे कुणाची पोरगी हे अख्खं गाव बोट दाखवून सांगणार, तेव्हा नाव, बापाचा धंदा, घराचा रंग सगळं बदलून टाका. मिक्स वस्ती असेल तर हा त्रास नाही पण तिथं लेकरांना बारकावे पाठ असतात, चित्रात काही चुकलं की लगेच "मॅडम असं नसतंय" म्हणून हात वर.

आता मुद्द्याचं. गॉर्डन ऑलपोर्ट म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९५४ मध्ये पूर्वग्रहावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हटलं की दोन गटांची माणसं नुसती जवळ आली म्हणून मनातली अढी जात नाही, त्याला काही अटी लागतात: दोघांचा दर्जा बरोबरीचा पाहिजे, दोघांना साधायचं ते एकच पाहिजे, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होऊ नये, आणि वरनं, म्हणजे शाळेकडनं, गावाकडनं, कायद्याकडनं त्याला पाठबळ पाहिजे. हे त्यानं चित्रपुस्तकासाठी काही लिहिलेलं नाही पण हस्तलिखित हातात आलं की मी याच अटी लावून बघते. करंजी-शीरखुर्म्याची गोष्ट इथं पहिल्याच फटक्यात नापास होते, कारण त्यात एक पाहुणा आणि एक यजमान, दोघांचं मिळून काम काहीच नाही. दुसरा एक नमुना फार येतो, मुसलमान पोरगा विहिरीत उडी मारून हिंदू पोराला वाचवतो आणि मग गाव त्याला आपला म्हणतं. वाचायला बरं वाटतं पण त्याचा अर्थ काय झाला बघा, एकाला दोस्त व्हायला नुसतं शेजारी राहणं पुरलं आणि दुसऱ्याला जीव धोक्यात घालावा लागला. वर्गातल्या मुसलमान लेकराला हे कळतं बरं का, बोलून दाखवत नाही एवढंच.

याच्या उलटं टोक म्हणजे घाबरून धर्म पुसूनच टाकायचा. दोन ससे, एक पांढरा एक काळा, भांडले, पाऊस आला, एका बिळात बसले. कुणाची हरकत येत नाही हे खरंय, पण अशी गोष्ट वाचून तिसरीतल्या एकाही लेकरानं ती स्वतःहून आपल्या गल्लीला लावलेली मी बघितली नाही, ते सशांवरच थांबतं. इंग्लंडमध्ये लिंडसे कॅमेरॉन, ॲडम रटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच्याजवळचा एक अभ्यास केला होता, प्राथमिक शाळेतल्या इंग्रज लेकरांना निर्वासित लेकरांशी दोस्तीच्या गोष्टी वाचून दाखवल्या, पण वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या तऱ्हेनं, कुठं ती लेकरं नुसती लेकरं म्हणून, कुठं सगळे एका शाळेचे म्हणून, तर कुठं शाळा एक पण कोण कुठला हेही सांगून. सगळ्यात जास्त फरक पडला तो या शेवटच्या तऱ्हेनं. म्हणजे ओळख लपवली तर उपयोग कमी होतो. दोस्ती झाली ती "त्यांच्यातल्या" लेकराशी झाली हे वाचणाऱ्याला दिसलं तरच त्याच्या डोक्यातलं "ते" जरा हलतं. इंग्लंडचं जसंच्या तसं परभणीला लागू होईल असं नाही, पण वर्गात मला दिसतं ते याच्याशी जुळतं.

तर मग माझं म्हणणं असं की दोस्ती हा विषयच ठेवू नका. दोन लेकरांचं एक काम शोधा, जे एकीला एकटीनं होत नाही. मराठवाड्यात असं काम शोधायला लांब जायची गरज नाही, टँकरची रांग घ्या. एप्रिल महिना, सकाळची शाळा, टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून बायका पहाटेच घागरी आणून रांगेत ठेवतात, माणूस नसला तरी घागर नंबर धरून असते. कावेरीच्या घराच्या पत्र्यावरनं डांबरी रस्ता दिसतो, टँकर वळला की तिला पहिल्यांदा कळतं. सुमैय्याचं घर पाराला लागून, घागरी सरकवायचं काम तिचं. एक बघणार, एक सरकवणार, असं केलं तरच दोन्ही घरांना पाणी आणि दोघींना शाळेची वेळ गाठता येते. झालं की काम! यात कोण कुणावर उपकार करत नाही. (दोघी मुलीच घ्या. सध्याच्या वातावरणात एक मुलगा एक मुलगी घेतलात तर त्याला नको तो फाटा फुटतो आणि मग पुस्तक राहतं बाजूला.)

आता मोठ्यांचं काहीतरी बिनसतं. काय बिनसतं ते सांगू नका, चित्रात दोन घोळके पाठमोरे दाखवा आणि खाली एवढंच लिहा की त्या दिवशी मोठी माणसं पाण्यावरनं भांडली नाहीत, दुसऱ्याच कशावरनं तरी भांडली. दोघींनाही घरून ताकीद, तिकडं जायचं नाही. पण घागरी तर रांगेतच आहेत. टँकर येतो, पोलीस उभे, घाईगडबड, आणि गोंधळात दोघी एकमेकींची घागर उचलून घरी येतात.

इथं बारीक बघा. हल्ली रांगेत निम्म्याच्या वर घागरी प्लॅस्टिकच्या असतात, पण प्रत्येक घरात एखादी स्टीलची नाहीतर पितळेची असते आणि तिच्यावर मशीननं टिंबाटिंबांचं नाव टाकलेलं असतं. आपल्याकडं मुसलमानाच्या भांड्यावरही नाव मराठी अक्षरातच असतं, कारण नाव टाकणारा भांडेवाला तोच. कावेरीच्या घरात आलेल्या घागरीवर लिहिलंय "शे. मेहबूब शे. इमाम", शाळेच्या हजेरीपटावर जसं लिहितात तसं. सुमैय्याच्या घरात गेलेल्या घागरीवर "कै. गंगाबाई यांच्या स्मरणार्थ". तुमच्या अख्ख्या पुस्तकात हिंदू किंवा मुसलमान हा शब्द यायची गरज नाही, दोन घागरींनी सांगून टाकलं, आणि वाचायला शिकणारं लेकरू ते टिंबाटिंबांचं नाव बोट ठेवून स्वतः वाचतं, त्याला कुणी शिकवल्यासारखं वाटत नाही.

आणि पान उलटायच्या आधी प्रश्न कोणता? कावेरीच्या आजीपुढं ती घागर आहे, भरलेली. आजी जुन्या वळणाची. ते पाणी ती पिणार का ओतून देणार? एप्रिलमध्ये, जिथं लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं त्या आपल्या भागात, भरलेली घागर मोरीत ओतायची हे तिसरीतल्या पोरालाही सहन होत नाही, ते वाचता वाचता ओरडतं "नको ओतू!" हे पान बिनशब्दाचं ठेवा. आजी, घागर, तांब्या, आणि दारात उभी असलेली कावेरी. पुढं काय होतं ते तुम्ही ठरवा, मी नाही सांगणार, गोष्ट तुमची आहे. फक्त एक लक्षात घ्या, गंगाबाईची घागर परत आणावीच लागणार आहे, कारण ती आजीच्या आईच्या नावाची आहे, म्हणजे मोठ्या माणसालाच गल्ली ओलांडून जावं लागणार. लेकरांच्या तोंडी समजूतदारपणाचं एक वाक्यसुद्धा घालू नका. नऊ वर्षांची पोर मोठ्यांना माणुसकी शिकवते हे फक्त हस्तलिखितात होतं.

चित्रांबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण गडबड जास्त इथंच होते. इलस्ट्रेटरला "मुसलमान मुलगा" एवढंच सांगितलं की तो गोल टोपी, बापाला दाढी आणि डोळ्यात सुरमा, आई बुरख्यात असं काढून देतो, एकानं तर आईला चुलीपुढं बसवलं तेही बुरख्यात! घरात कोण बुरखा घालून भाकरी थापतं? लेकरू शाळेत युनिफॉर्ममध्ये असतं, टोपी नमाजेच्या वेळी. ओळख दाखवायची तर घरातल्या वस्तूंनी दाखवा, दारावरचा फुलाफुलांचा पडदा, तोटीचा बधना म्हणजे लोटा, भिंतीवरचं उर्दू कॅलेंडर, चौकटीवर ७८६. पण मग कावेरीचं घरही तेवढंच बारकाईनं काढा, तुळस कुठंय, देव्हारा भिंतीत आहे का पाटावर, कॅलेंडर कुठलं. नाहीतर काय होतं की हिंदू लेकरू म्हणजे साधं लेकरू आणि मुसलमान लेकरू म्हणजे विशेष लेकरू, एकाच्या घराला खुणा आणि दुसऱ्याचं घर कोरं. आणि ज्या गोष्टी दोन्ही घरांत सारख्या आहेत त्या मुद्दाम सारख्याच रंगात काढा, पत्रे, वाकळ, रेशनची पिशवी, पाण्याच्या रिकाम्या टिपाडाला टेकवलेली सायकल. लेकरं अशा जोड्या शोधत बसतात, तो त्यांचा आवडता खेळ आहे.

बोलण्याचंही तेच. सुमैय्याच्या तोंडी "जनाब" आणि "खुदा हाफिज" घालू नका, ते सिनेमातलं. ती गल्लीत म्हणणार "टँकर यायलंय, चल ना ये" आणि घरात म्हणणार "अम्मी, पानी भर को लाती मैं". दखनीतलं एखादं वाक्य तसंच राहू द्या, अर्थ द्यायची गरज नाही, मराठवाड्यातल्या लेकराला कळतं.

तुम्ही म्हणाल फरक एवढा उघड दाखवला तर भांडणच वाढेल. मला तसं वाटत नाही, आणि इथं मी आपल्या पैठणच्या नाथांचा आधार घेते. एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद वाचलाय का? दोघं एकमेकांचं काहीच राखून ठेवत नाहीत, तू दगडाला देव म्हणतोस, तू पश्चिमेलाच तोंड करतोस, पार उणीदुणी काढतात, आणि मनातलं सगळं बोलून झाल्यावर शेवटी समेट होऊन एकमेकांना भेटतात. सोळाव्या शतकातला माणूस हे बिनधास्त लिहितो आणि आपण आज दोन सशांवर भागवतो. अर्थात ते मोठ्यांसाठी आहे, तिसरीच्या वर्गात ते घेऊन जा असं मी म्हणत नाही, पण मेळ घालायचा तर आधी फरक टेबलावर ठेवायचा ही रीत आपल्याच मातीतली आहे.

आता पाकिस्तानचं. यात माझं मत जरा कडक आहे. धर्माची दरी आणि देशाची दरी एकाच पुस्तकात एकत्र आणू नका. कावेरी भारतातली आणि सुमैय्या पाकिस्तानातली असं केलंत की वाचणाऱ्या लेकराच्या डोक्यात मुसलमान म्हणजे पाकिस्तान हे समीकरण पक्कं बसतं, तुमचा हेतू कितीही चांगला असू दे, आणि वर्गातल्या सुमैय्याला मधल्या सुट्टीत त्याचा प्रसाद मिळतो.

देशावरच करायचं असेल तर बघा, आजच्या काळातली पत्रमैत्री आता चालणार नाही, मे २०२५ मध्ये भारतानं पाकिस्तानातून येणारं टपाल आणि पार्सल बंद केलं, अटारीचा रस्ताही बंद झाला, लेकरं यूट्यूबवर सगळं बघतात, "मॅडम पत्र कसं गेलं?" विचारतील. भूतकाळात जायचं तर फाळणी आहे. त्यात नीना सबनानी यांचं 'मुकंद अँड रियाझ' जरूर बघा, तुलिका प्रकाशनानं काढलेलं, त्याची ॲनिमेशन फिल्मही आहे. त्यांच्या वडिलांच्या आठवणीवर आहे, कराचीतले दोन दोस्त, १९४७, रियाझ मुकंदच्या कुटुंबाला तिथून निघायला मदत करतो, आणि चित्रं कापडाचे तुकडे जोडून केलीत. आपल्याकडं संभाजीनगरला सिंधी कॉलनी आहे, तिथल्या एखाद्या आजोबांशी बोललात तर तुम्हालाही अशी आठवण मिळू शकते, आणि त्यात पाकिस्तानशी नातं हिंदू घराचं असल्यामुळं मघाचं समीकरण आपोआप मोडतं.

आपलं स्वतःचं १९४८, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं तो काळ, मात्र तिसरी-चौथीला घेऊ नका असं मी म्हणेन. १७ सप्टेंबरला लेकरं झेंडावंदनाला येतात, भाषणात रझाकार शब्द ऐकतात, आणि खेळताना तोच शब्द मुसलमान पोराला चिकटवतात, हे तुम्हीही बघितलं असेल. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावंच्या गावं छळली हे खरं, पोलीस ॲक्शननंतर मुसलमान घरांवर जे गुदरलं तेही खरं, पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्यावर केंद्राला अहवाल दिला होता आणि तो कितीतरी वर्षं लोकांपुढं आलाच नाही. आणि ज्यांनी रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये जीव गमावला ते 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान मुसलमानच होते. हे सगळं बत्तीस पानांत आणि चारशे शब्दांत मावत नाही, अर्धं सांगितलं तर न सांगितल्यापेक्षा वाईट. सातवी-आठवीला, इतिहासाच्या तासाला, सावकाश घ्या. तुम्हाला स्वतःला मात्र माहीत पाहिजे, कारण प्रश्न येतो.

पाकिस्तानातल्या लेकराचं साधं पुस्तक करायचा तिसरा रस्ता मला जास्त आवडतो. दोस्ती नाही, भेट नाही, नुसता एक दिवस. दुसऱ्या महायुद्धानंतर जेला लेपमन म्हणून एक बाई, ज्यू, हिटलरच्या काळात जर्मनी सोडून लंडनला गेलेली, ती परत आली आणि १९४६ मध्ये म्युनिकला जगभरातल्या बालपुस्तकांचं प्रदर्शन भरवलं. पैसा नव्हता, कालपर्यंत जर्मनीशी लढत असलेल्या देशांनाच पत्रं लिहून पुस्तकं फुकट मागितली. बेल्जियमनं आधी नाही म्हटलं, जर्मनांनी दोनदा आमच्यावर आक्रमण केलंय म्हणून, तिनं पुन्हा लिहिलं, मग त्यांनीही पाठवली. त्यातनंच १९४९ मध्ये म्युनिकचं आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं. मला यातलं आवडतं ते हे की तिनं शांततेवरची पुस्तकं मागितली नव्हती, तुमच्याकडची लेकरं जे वाचतात ते द्या म्हणाली. आता कराचीत पाण्याचे टँकर चालतात हे तुम्हाला माहीत असेलच, तिथंही लोक टँकरची वाट बघतात. तर अर्धं पुस्तक जिंतूरकडच्या पोरीची सकाळ आणि अर्धं कराचीतल्या पोराची सकाळ, दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, कधी भेटत नाहीत. दोन्ही पानांवरची घागर लेकरं स्वतः जोडतात. आणि दोन्ही अर्धी मराठीतच ठेवा, कराचीची बाजू उर्दूत करायचा मोह होईल, करू नका. उर्दू ही वली आणि सिराज औरंगाबादी या जुन्या शायरांची, म्हणजे आपल्याच गावची, तिला सरहद्दीपलीकडं ढकलायचं काम आपण कशाला करायचं.

वाचायचं कसं, तर एकदा सलग वाचा, मध्ये थांबून विचारू नका "यातून काय शिकलो?". दुसऱ्यांदा वाचताना लेकरांना चित्रात शोधू द्या. मुसलमान लेकराकडं वळून "तू सांग, तुमच्यात कसं असतं" हे कधीच करू नका, ते वर्गात लेकरू म्हणून बसलंय, कुणाचा प्रतिनिधी म्हणून नाही, त्याला वाटलं तर ते आपणहून बोलेल. आणि कुणीतरी म्हणणारच, "मॅडम, मुसलमान पाकिस्तानचे असतेत ना?" घरी ऐकलेलं असतं, त्या लेकराला रागावून उपयोग नाही आणि तिथंच भाषण दिलं तर वर्ग मिटतो. मी विचारते, बरं, आपल्या गावातलं कोण कोण पाकिस्तानातनं आलंय, नावं सांगा बरं? ते विचार करतं, बांगड्या भरणारी मणियार चाची, फळं विकणारे बागवान काका, सायकलचं दुकान, एकेक नाव घेतं आणि म्हणतं "नाही, हे तर इथलेच". मग मी पान उलटते. एवढ्यानं घरातलं सगळं पुसलं जात नाही, पण पुढच्या वेळी तो हेच वाक्य जरा अडखळत बोलतो, आणि माझ्या हिशेबानं ते पुष्कळ झालं. गावात ताण असेल त्या आठवड्यात हे पुस्तक बाहेर काढू नका, ते औषध म्हणून चालत नाही, चांगल्या दिवसांतच त्याचं काम होतं.

मुख्याध्यापकांची भीती खोटी नाहीये, एखादा फोटो ग्रुपवर गेला की शाळेच्या नावानं काय काय फिरतं ते आपण बघतो. म्हणून पुस्तक लेकरांच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीपुढं वाचा, अख्खं, पानं उलटत, त्यात दोन्हीकडचे पालक असतील असं बघा आणि आयांना आवर्जून बोलवा. टँकरची गोष्ट असली की आयाच चर्चा हातात घेतात, आमच्याकडं रांग अशी नसती, घागर अशी उचलत नाहीत, आणि पुस्तक त्यांचं होऊन जातं. करंजी-शीरखुर्म्याच्या पुस्तकावर "हे कशाला?" असा प्रश्न येतो, रांगेच्या पुस्तकावर येत नाही. तयार पुस्तकांपासून सुरुवात करायची असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही बालपुस्तकांची वेबसाइट बघा, २०१५ पासून आहे, मराठी पुष्कळ आहे, लायसन्स मोकळं असल्यानं उतरवून प्रिंट काढता येतात.

तुमच्या आवारात उर्दू शाळा असेल तर अजून एक सुचवते, आणि खरं तर मला सगळ्यात जास्त हेच करून बघावंसं वाटतं. मराठी पुस्तक डावीकडनं उघडतं, उर्दू उजवीकडनं. एकाच पुस्तकाला दोन मुखपृष्ठं करा, इकडनं कावेरीची बाजू मराठीत, तिकडनं सुमैय्याची बाजू उर्दूत, दोघी आपापल्या घरातनं घागर घेऊन निघतात आणि मधल्या जोडपानावर टँकरपाशी येतात. भाषांतर नाही, दोन वेगळे अर्धे. म्हणजे मराठी शाळेतल्या लेकराला पुढचं कळायला उर्दूवालं लेकरू शेजारी बसवून वाचून घ्यावंच लागतं, आणि त्याला ह्याच्याकडनं. ऑलपोर्टच्या अटी गोष्टीत घालायच्या त्या पुस्तकाच्या बांधणीतच आल्या. फक्त चित्रं काढताना सांभाळा, मराठी बाजूला कावेरी डावीकडनं उजवीकडं चालेल, उर्दू बाजूला सुमैय्या उजवीकडनं डावीकडं, आणि इलस्ट्रेटरनं आळस करून एकच चित्र कॉम्प्युटरवर आरशासारखं उलटवलं तर घागरीवरचं नाव उलटं छापलं जातं, आणि लेकरांच्या नजरेतनं ते सुटत नाही.

डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करायला खर्च नाही. सहा ए-फोर कागद मधोमध दुमडले, मध्ये स्टेपल मारलं की चोवीस पानं, दोन मुखपृष्ठं सोडली तर प्रत्येकीला दहा आणि मधलं जोडपान दोघींचं. पेन्सिलीनं काड्यांची माणसं काढा, शब्द चिकटवू नका, आधी नुसत्या चित्रांवर उर्दू शाळेतल्या एखाद्या सरांना नाहीतर मॅडमना गोष्ट सांगून बघा, त्यांची बाजू त्यांनाच लिहू द्या. ते लिहायला तयार झाले नाहीत तर दोन मुखपृष्ठांचा नाद सोडा आणि साधं मराठीत करा, पण त्यांच्या वतीनं तुम्ही लिहू नका.